समोरची शाळा जूनपासून बंद होतेय. पालक नसलेल्या माणसानं काय करावं?

गेटसमोरचा

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, माझं मूल या शाळेत नाही, कधी नव्हतंही. माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, शाळेच्या गेटच्या बरोबर समोर. १४ वर्षं झाली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शिपाई मामा नेहमीसारखे आले आणि "दहा काढा" म्हणाले. मीही नेहमीसारख्या न वाचता काढल्या. शेवटची प्रत ट्रेमधून उचलताना नजर गेली. "पटसंख्या घटल्यामुळे व आर्थिक कारणास्तव पुढील शैक्षणिक वर्षापासून शाळा बंद करण्यात येत आहे. पालकांनी आपल्या पाल्यांचे दाखले ३० एप्रिलपर्यंत न्यावेत." मामांना विचारलं, हे काय? त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "मला फक्त झेरॉक्स काढून आण म्हणाले. चष्मा वर राहिलाय." मग मीच त्यांना वाचून दाखवलं. २१ वर्षं नोकरी केलेल्या माणसाला त्याची नोकरी गेल्याचं झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. वर मी त्या दहा प्रतींचे पैसेही घेतले. ते अजून मनातून जात नाही.

शाळा विनाअनुदानित, एका ट्रस्टची, बालवर्गापासून दहावीपर्यंत. मी आलो तेव्हा पट पाचशेच्या वर होता, आता २१२. नवीन रस्त्याला मोठी शाळा झाली, तिची बस आमच्याच गल्लीतून मुलं उचलून नेते. शाळा कशी का असेना (आणि ती काही फार भारी नव्हती, इंग्रजीचे सर दर दिवाळीनंतर बदलायचे), पण परवा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसलो की या शाळेवर कोण कोण आहे. शिक्षक आणि मावशी सोडून बोलतोय. व्हॅनवाले चार. त्यातल्या दोघांचे हप्ते चालू आहेत. गणवेश शिवणाऱ्या बाई, त्यांचे एप्रिल-मे म्हणजे अख्ख्या वर्षाची कमाई. माझ्या वरच्या मजल्यावर क्लास घेणारे सर. शेजारच्या इमारतीत दोन भाडेकरू, जे फक्त शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून इथे राहायला आले. पोलिओचा बूथ शाळेत, मतदान शाळेत. संध्याकाळी मैदानावर जी पोरं खेळतात त्यातली निम्मी या शाळेची नाहीतच. रात्री वॉचमनचा दिवा असतो म्हणून उशिरा कामावरून येणाऱ्या बायका मागच्या रस्त्यानं न जाता या रस्त्यानं येतात. समोरच्या आजी मधल्या सुट्टीची घंटा झाली की बीपीची गोळी घेतात. खोटं वाटेल, पण त्यांच्या घरात घड्याळ असून त्या घंटेवरच चालतात.

माझी यादी दोन पानं झाली आणि त्यात मी स्वतःला शेवटी लिहिलं. माझी विक्री साधारण निम्म्यावर येईल. पण मी दुकान हलवू शकतो. घंटा हलवता येत नाही.

रविवारी पालकांची बैठक आहे. मलाही बोलावलंय, कारण झेरॉक्स माझ्याकडे आहे. निवेदन काढायचं, मोर्चा काढायचा असं चाललंय. तुमच्यापैकी कुणाच्या भागात खासगी शाळा बंद पडली असेल तर सांगा. नंतर काय राहिलं, काय हातातून गेलं, आणि आधी कळलं असतं तर काय केलं असतं?

---

चौथी-ब ची आई

दादा, आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असंच झालं म्हणून लिहिते. माझी मुलगी २५ टक्क्यांतून लागली होती, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी ज्या फुकट जागा असतात त्यातून. पहिलीला नंबर लागला तेव्हा घरात कोण आनंद! चौथीत असताना शाळा बंद. मी जवळच्या दुसऱ्या इंग्रजी शाळेत गेले, आरटीईचं पत्र दाखवलं. ऑफिसमधल्या मॅडम गोड बोलून म्हणाल्या, "ती जागा त्या शाळेतली होती. आमच्याकडे पाचवीला यायचं तर फी भरून या." मला वाटलं बाई खोटं बोलतेय, म्हणून शिक्षण विभागात गेले. तर तिथेही तेच. २५ टक्के हे सुरुवातीच्या वर्गाला भरतात. मधल्या वर्गात दुसऱ्या शाळेनं तुमचं मूल फुकट घेतलंच पाहिजे असं त्या कलमात नाही.

म्हणजे शाळेनं आठवीपर्यंत फुकट शिकवायचं कबूल केलेलं, आणि शाळाच राहिली नाही तर ते कबूल केलेलं कुठे जाऊन मागायचं? मला अजून याचं उत्तर मिळालेलं नाही. मुलगी शेवटी पालिकेच्या सेमी-इंग्रजीत गेली. बरी शिकतेय. पण त्या जून महिन्यात ती रोज जुना टाय लावून बसायची, ते मी विसरत नाही.

तुमच्या बैठकीत २५ टक्क्यांतली मुलं किती ते वेगळं मोजा. फी भरणारे पालक आपापलं बघून घेतात. आमच्यासारखे शेवटपर्यंत "काहीतरी होईल" म्हणत थांबतात, आणि तोवर सगळीकडचे प्रवेश भरलेले असतात.

---

फुकटचा सल्ला

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पाचशेचा पट दोनशेवर आला तो कुणामुळे? ज्या पालकांनी एसी बस बघून मुलं काढली त्यांच्यामुळेच. तेव्हा कुणाला घंटा आठवली नाही. खासगी संस्था आहे, परवडत नसेल तर बंद करणार. किराणा दुकान बंद झालं तर आपण मोर्चा काढतो का?

आणि दुसरं, कारण पटाचं सांगतात, डोळा प्लॉटवर असतो. शहराच्या मधोमध मैदानासकट जागा म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

---

जुना कारकून

गेटसमोरचे, तुमची दोन पानांची यादी वाचली आणि उठून चहा टाकला. मी एका शाळेत २९ वर्षं कारकून होतो. शेवटची सात वर्षं ती बंद होताना पाहिली, म्हणजे मरणाला सात वर्षं लागली असं समजा. त्या अनुभवावर लिहितोय. लांब होईल.

सगळे इमारतीकडे बघतात. तुम्ही ऑफिसातल्या कपाटाकडे बघा.

त्या कपाटात जनरल रजिस्टर असतं. जो मुलगा शाळेत आला त्याचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात, आधीची शाळा, कधी आला, कधी गेला. आमची संस्था जुनी, पहिली नोंद १९५९ ची, शाईच्या टाकानं लिहिलेली. आम्ही त्याला साधं "जीआर" म्हणायचो. शाळा चालू असेतो त्याची किंमत कुणाला नसते. बंद झाल्यावर तीन वर्षांनी एक मुलगा माझं घर शोधत आला. इंजिनीअरिंगला नंबर लागलेला, जात पडताळणी अडकलेली, आजोबांच्या शाळेचा पुरावा हवा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला जुन्या तारखांच्या आधीची नोंद लागते. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना तर १० ऑगस्ट १९५०. शाळेतला दाखला हा त्यातला सगळ्यात सहज मिळणारा कागद. त्या पोराचे आजोबा १९६० साली आमच्या शाळेत दुसरीत होते. मला नोंद कुठल्या पानावर असेल तेही साधारण ठाऊक होतं. पण रजिस्टर कुठे होतं? संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या नातेवाइकाच्या गाळ्यात, रंगाच्या डब्यांखाली. आम्ही दोघं गेलो. वाळवीनं पानांचा चिखल केला होता. १९५९ चं पान निघालं, पुढची तीस-चाळीस पानं नाहीत. पोरगा काही बोलला नाही. मला म्हणाला, "काका, हात धुऊन घ्या."

तेव्हा आता तुमचा नंबर पहिला, कारण मशीन तुमच्याकडे आहे. बैठकीत एकच मागणी लेखी घ्या: शाळेचं सगळं दप्तर, जनरल रजिस्टर, निकालपत्रकं, हजेरी, शिक्षकांची सेवापुस्तकं, हे कुठल्या कार्यालयात, कुणाच्या ताब्यात, कुठल्या तारखेला दिलं, त्याची यादी सही-शिक्क्यानिशी. मोर्चा नंतर काढा.

दुसरं, दाखले. "३० एप्रिलपर्यंत न्या" असं लिहिलं म्हणून सगळे घाईनं नेतील आणि घरी जाऊन वाचतील. दाखला खिडकीतच वाचायचा. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधारवरचं नाव. चूक असेल तर मुख्याध्यापक खुर्चीवर आहेत तोवर दुरुस्त होते. नंतर ती दुरुस्ती करायला कोण सही करणार? ऑनलाइन नोंदीतूनही मूल "बाहेर" निघालं पाहिजे, नाहीतर नवीन शाळेला त्याला आत घेता येत नाही आणि मूल दोन शाळांच्या मध्ये लोंबकळतं. युडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) वगैरे तिथेच लिहून घ्या. आणि फी थकली म्हणून दाखला अडवला तर आठवीपर्यंतच्या मुलांना आरटीईचं कलम ५ आहे: मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो उशिरा आला म्हणून पुढच्या शाळेनं प्रवेश रोखायचा नाही. फक्त एक गोम आहे. बदली मागायचा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आहे, खासगी विनाअनुदानित त्यातून वगळल्यात. वरच्या ताईंना जे सांगितलं गेलं त्याचं मूळ इथेही आहे.

नववी पास झालेल्यांचं सगळ्यात आधी बघा. आरटीई आठवीला संपतो. दहावीला दुसऱ्या शाळेतून बसायचं म्हणजे तिथे जागा हवी, विषय जुळायला हवेत, बोर्डाची कागदपत्रं वेळेत जायला हवीत. आमच्याकडे संस्कृत घेतलेल्या सहा मुली होत्या. जवळच्या शाळेत संस्कृत नव्हतं. दोघींनी विषय बदलला, चौघी रोज दोन बस बदलून जात होत्या. त्यातली एक दिवाळीनंतर यायची थांबली.

"फुकटचा सल्ला" यांना: किराणा दुकान बंद झालं तर मोर्चा निघत नाही, बरोबर. पण किराणा दुकानात तुमच्या आजोबांची जन्मतारीख नसते.

---

खडू-डस्टर

कारकून काकांनी कर्मचाऱ्यांचं फारसं लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. एका शाळेच्या विनाअनुदानित विभागात ११ वर्षं गणित शिकवलं. शाळा बंद झाली तेव्हा अनुदानित विभागातले सहकारी "अतिरिक्त" ठरून दुसऱ्या शाळांत सामावले गेले. आम्ही नुसतेच अतिरिक्त.

आम्हाला वाटलं आपल्याला काहीच मिळणार नाही, म्हणून दिलेल्या कोऱ्या राजीनाम्यांवर आम्ही सह्या केल्या. "अनुभवाचं प्रमाणपत्र चांगलं देतो" एवढ्यावर. ही चूक तुमच्या समोरच्या शाळेतल्या कुणाला करू देऊ नका. राजीनामा दिला की शाळेनं तुम्हाला काढलं नाही, तुम्हीच गेलात असं होतं. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या नियमावलीत शाळा बंद होताना कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची पूर्वसूचना आहे. बेकायदा काढलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील, पण मुदत ३० दिवसांची. आमच्यातल्या एकीनं "मे महिना जाऊ दे, मग बघू" म्हटलं आणि मुदत गेली.

ग्रॅच्युइटीबद्दल बहुतेक संस्था सांगतात की शिक्षकांना ती लागू नाही. लागू आहे. २००९ ची दुरुस्ती आहे, ३ एप्रिल १९९७ पासून लागू केलेली, आणि सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२२ मध्ये ती कायम केली. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर पूर्ण झालेल्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. अडचण अशी की पगार कागदावर एक आणि हातात एक असतो. मी सात वर्षांच्या पगारपत्रकांचे फोटो काढून ठेवले होते म्हणून निभावलं. मिळायला दोन वर्षं लागली.

शिपाई मामांना राजीनाम्यावर सही करू नका म्हणून आजच सांगा. चष्मा लावून वाचा म्हणावं. २१ वर्षं म्हणजे लहान रक्कम नाही.

---

पालिका शाळेतली बाई

मी दुसऱ्या बाजूनं बोलते. शेजारची खासगी शाळा बंद झाल्यावर आमच्या शाळेत जूनमध्ये एकदम ४३ मुलं आली. आमच्याकडे दोन खोल्यांना कुलूप होतं, ती उघडली. आरटीईच्या परिशिष्टात पाचवीपर्यंत ६० मुलांमागे दोन शिक्षक, ६१ पासून तिसरा. संच मान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होतात त्याचे, निकष अधूनमधून बदलतात, पण पट साधारण ३० सप्टेंबरचा धरतात. म्हणून येणार असाल तर जूनमध्येच या. ऑक्टोबरमध्ये आलेली मुलं आम्ही घेतो, पण शिक्षक पुढच्या वर्षीच्या हिशेबात मिळतो आणि तोवर एका वर्गात सत्तर डोकी बसतात.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने अवघड गेले. येणाऱ्या पालकांच्या चेहऱ्यावर आम्ही खाली उतरलो असा भाव. आमच्या पोरांनाही ते कळायचं. नव्या मुलांच्या हातात पाण्याच्या रंगीत बाटल्या, जुनी मुलं नळाला तोंड लावणारी. मग स्नेहसंमेलनात सगळे एका नाचात उभे राहिले आणि विषय संपला. मुलांचा संपला, पालकांचा अजून चालू आहे.

आणि त्या शाळेच्या मावशींना आमच्याकडे रोजंदारीवर स्वयंपाकाला घेतलं, पोषण आहाराच्या बचत गटानं. असले मार्ग निघतात, पण कुणीतरी आधी येऊन बोलावं लागतं. तुमच्या भागातल्या मुख्याध्यापिकेला रविवारच्या बैठकीला बोलावलंय का?

---

फुकटचा सल्ला

कारकून काका, आजोबांची जन्मतारीख लागली. मागे घेतो.

पण प्लॉटचं मागे घेत नाही. दोन गोष्टी बघा. जागा ट्रस्टची स्वतःची असेल तर विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम ३६. जागा सरकारनं किंवा पालिकेनं शाळेसाठी म्हणून दिलेली असेल तर करारातल्या अटी बघा. आणि नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्याचा नकाशा मागा. त्या प्लॉटवर शाळेचं किंवा मैदानाचं आरक्षण असेल तर ते बदलायला जाहीर सूचना आणि हरकती लागतात. ती सूचना कुठल्यातरी पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. तुमच्या दुकानात पेपर येत असेल तर आता सगळी पानं वाचत जा.

---

गेटसमोरचा

सगळ्यांचे आभार. बैठक झाली, म्हणून कळवतो.

आले ६० च्या आसपास पालक. पहिला पाऊण तास नुसती आरडाओरड. कुणी ट्रस्टला शिव्या दिल्या, कुणी एसी बसवाल्यांना. दोन एसी बसवाले तिथेच बसले होते, धाकटं मूल अजून इथे असल्यामुळे. मग मी कारकून काकांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. "काका, हात धुऊन घ्या" या वाक्यानंतर कुणी बोललं नाही.

ठरलं ते असं. दप्तराची यादी मागणारं पत्र गेलं, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. मुख्याध्यापिका बाईंनी स्वतःहून सांगितलं की जुनी रजिस्टरं आधी स्कॅन करून घेऊ, कार्यालयात जमा करायची ती मूळ. शाळा १९८८ ची, त्यामुळे जात पडताळणीच्या तारखांना उपयोग नाही. पण दोन हजारांच्या वर नावं आहेत आणि त्यात आमच्या गल्लीतली निम्मी. काम माझ्याच मशीनवर चाललंय, रोज शाळा सुटल्यावर, बाईंच्या समोर. पैसे घेत नाही, त्या दहा प्रतींचा हिशेब फिटायचाय.

नववीतल्या १९ मुलांपैकी १४ जणांची सोय एका अनुदानित शाळेत होतेय. पाच जणांचं कळत नाही, त्यातल्या दोघांचे फोन लागत नाहीत. २५ टक्क्यांतली मुलं ३१ निघाली. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर कुणी मोजलीच नसती. पालिका शाळेच्या मुख्याध्यापिकेला रविवारी बोलवायला उशीर झाला होता, म्हणून सोमवारी आम्ही चौघं जाऊन आलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, किती मुलं आणि कुठल्या कुठल्या वर्गात. आमच्याकडे यादी होती.

प्लॉटचं नगररचनात विचारलं. मैदानाच्या भागावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे, इमारतीच्या भागावर नाही. पेपर वाचतोय.

मामांकडून राजीनामा मागितला होता. त्यांनी सही केली नाही. मी विचारलं, काय म्हणालात? म्हणाले, "चष्मा नाही म्हटलं."

परवा स्कॅन करताना १९९६ च्या पानावर गणवेशवाल्या बाईंच्या मोठ्या मुलाचं नाव निघालं. त्यांना हाक मारली, दाखवलं. त्यांनी नावावर बोट फिरवलं आणि विचारलं, "अजून कोण कोण आहे यात?" त्या दिवशी आमची नऊच पानं झाली, कारण मग समोरच्या आजी आल्या, व्हॅनवाले आले, आणि प्रत्येकाला आपापलं नाव बघायचं होतं. आजींचं नाव त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या फक्त विचारायला आल्या होत्या की जूनपासून घंटेचं काय करणार. घंटा मामांकडे ठेवावी असं बाई म्हणताहेत. ट्रस्टनं अजून हो म्हटलेलं नाही.